कोळशाच्या पेटीत गळ

मंगळवारी सकाळी अकराला आम्ही आमच्या खेळाचं ०.७ अपडेट स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरवरचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, सगळ्यांसाठी खुलं केलं. मासेमारीचं अपडेट. खेळ अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, येऊन चौदा महिने झाले होते, टीम सहा जणांची, आणि खेळाडूंशी बोलण्याचं काम माझ्याकडे. मोठं अपडेट मंगळवारी काढायचं, शुक्रवारी कधीच नाही, हा आमचा पहिल्यापासूनचा शिरस्ता. काही बिघडलं तर निस्तरायला कामाचे दिवस हाताशी हवेत. या वेळी ते सगळे लागले.

११:२० ला पहिली तक्रार आली. "माझ्या कोळशाच्या पेटीत मासे पकडायचे गळ आहेत. कोळसा कुठे गेला?"

पाच मिनिटांत मी उत्तर दिलं: "तुम्ही एखादा मॉड वापरता का?"

असल्या विचित्र तक्रारींच्या मुळाशी बरेचदा मॉडच, म्हणजे खेळात इतरांनी केलेला बदल, निघतो, त्यामुळे प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. पण खेळाडूनं तो "चूक तुमचीच असणार" असा वाचला, आणि तसा वाचला याचा दोष त्याचा नाही. "सेव्ह फाइल आणि लॉग पाठवाल का?" एवढंच विचारलं असतं, तर लॉगमध्ये, म्हणजे खेळानं ठेवलेल्या नोंदींत, मॉडची यादी आपोआप मिळाली असती आणि कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटलं नसतं. त्यानं फक्त "नाही" असं लिहिलं. पुढची पंचवीस मिनिटं मी त्या "नाही"कडे पुरेसं लक्ष दिलं नाही, कारण खेळ कुठेही क्रॅश होत नव्हता. क्रॅश रिपोर्टचं पान कोरं होतं, आणि कोरं पान पाहिलं की सगळं आलबेल आहे असं वाटतं.

११:५० च्या तिसऱ्या तक्रारीसोबत दोन स्क्रीनशॉट होते, अपडेटच्या आधीचा आणि नंतरचा. आधी पेटीच्या तीन घरांत लोखंडी सळ्या: १००, १०० आणि ४०. नंतर त्याच घरांत मशाली: १००, १०० आणि ४०. आमच्या प्रोग्रॅमरनं ते आकडे पाहिले आणि खुर्ची मागे सरकवत म्हणाला, "यादी कुणी हलवली?"

खेळाडूची प्रगती साठवणाऱ्या आमच्या सेव्ह फाइलमध्ये वस्तूचं नाव नसायचं, वस्तूंच्या यादीतला तिचा क्रमांक असायचा. खेळात तीस-पस्तीस वस्तू होत्या तेव्हा ते सोपं होतं आणि फाइलही लहान राहायची. कोळसा ५५, मशाल ५८, लोखंडी सळी ६१. गळ, जाळं आणि आमिष या तीन नव्या वस्तू यादीच्या शेवटी जोडल्या होत्या, आणि तशाच त्या प्रयोगाच्या ब्रँचवर, म्हणजे इच्छुकांनी आधी वापरून बघायच्या वेगळ्या शाखेवर, दोन आठवडे व्यवस्थित चालल्या. सोमवारी संध्याकाळी आमच्यापैकीच एकानं यादी आवरली. अवजारं अवजारांशेजारी दिसावीत म्हणून त्या तिन्ही उचलून ५५, ५६, ५७ वर ठेवल्या. पुढचं सगळं तीन घरं सरकलं. जुन्या सेव्हमधला ६१ आता मशाल म्हणून वाचला जाऊ लागला, आणि ५५ गळ म्हणून. फाइलचा साचा तोच होता म्हणून सेव्हची आवृत्ती वाढवली नव्हती. आवृत्ती वाढली नाही म्हणून जुन्या सेव्ह उघडून बघणारी चाचणी चाललीच नाही. आणि प्रयोगाच्या ब्रँचवरच्या लोकांनी जे तपासलं ते आम्ही विकलंच नाही.

इथवर प्रकरण आटोपशीर होतं. सेव्हमध्ये नुसता आकडा असल्यामुळे जुनं बिल्ड, म्हणजे खेळाची आधीची तयार आवृत्ती, परत लावलं की ६१ पुन्हा सळीच होणार. घात केला तो छाटणीनं. आमचा खेळ सेव्ह उघडताना प्रत्येक घरातली संख्या त्या वस्तूच्या मर्यादेत बसवतो. सळी आणि मशाल दोन्हींची मर्यादा १००, म्हणून तिथे संख्या टिकली. कोळशाचीही १००, पण गळ एका घरात एकच. शंभर कोळशांचं घर उघडलं की तिथे एक गळ उरायचा, आणि पुढच्या ऑटोसेव्हला तो "१" फाइलमध्ये पक्का व्हायचा. ऑटोसेव्ह दर दहा मिनिटांनी, जुन्या प्रती तीन. म्हणजे अर्धा तास खेळलं की मूळ आकडा असलेली शेवटची प्रतही पुसली गेली. खेळ बंद केला की स्टीम क्लाउड तीच फाइल वर चढवणार आणि दुसऱ्या मशीनवर उतरवणार.

पहिली तक्रार ११:२० ची, माझी पहिली जाहीर सूचना १२:०५ ची. प्रती अर्ध्या तासात संपतात. त्या पंचेचाळीस मिनिटांत किती जणांचा कोळसा कायमचा गेला, याचा हिशेब लावणं कठीण नाही. ११:२५ लाच "अशी एक तक्रार आली आहे, जुनी सेव्ह उघडण्याआधी फोल्डरची प्रत काढून ठेवा" एवढी एक ओळ टाकली असती तरी पुष्कळ वाचलं असतं. कारण कळेपर्यंत गप्प बसायची सवय इथे महागात पडली.

सूचनेच्या पहिल्या मसुद्यात तीन ओळी माफीच्या होत्या आणि दोन कारणाच्या. त्या खाली ढकलल्या. ज्याची पेटी आत्ता बिघडते आहे त्याला आधी हात कुठे लावायचा ते हवं असतं. गेलेला मजकूर असा:

"०.७ मध्ये जुन्या सेव्हमधल्या वस्तूंची अदलाबदल होते आहे आणि काही वस्तूंची संख्या कमी होते आहे. खेळ चालू असेल तर खिडकी थेट बंद करा. मेनूतून बाहेर पडलात तर सेव्ह होईल. खेळ पुन्हा उघडण्याआधी स्टीममध्ये त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन क्लाउड सेव्ह बंद करा, मग सेव्हचा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. ज्या वस्तू चुकीच्या दिसतात त्या फेकू नका, विकू नका. आम्ही थोड्याच वेळात ०.६ परत लावतो आहोत. पुढची सूचना बरोबर एका तासानं, नवीन काही नसलं तरी."

"एका तासानं" असंच लिहायचं, घड्याळातली वेळ नाही. वाचणारे जगाच्या सगळ्या कोपऱ्यांत असतात. "फेकू नका" हे वाक्य तर आयत्या वेळी घातलं. पेट्या कचऱ्यानं भरल्या आहेत असं समजून काहींनी मशाली जाळून टाकायला सुरुवात केली होती, आणि त्या मशाली म्हणजे त्यांच्याच लोखंडी सळ्या होत्या.

१२:२० ला जुनं बिल्ड मुख्य ब्रँचवर परत लावलं. स्टीमच्या डेव्हलपर पानावर हे दोन-चार मिनिटांचं काम आहे: जुन्या बिल्डसमोर ब्रँच निवडायची आणि ते लाइव्ह करायचं. पण खेळ उघडा असेपर्यंत स्टीम तो बदलत नाही. म्हणून "खेळ बंद करा" ही विनंती बिल्ड बदलण्याइतकीच महत्त्वाची होती. मासेमारी हवीच असलेल्यांसाठी ०.७ वेगळ्या ब्रँचवर ठेवलं, "फक्त नवीन सेव्हसाठी" असं ठळक लिहून.

मग १२:४० ला दुसरी चूक झाली, आणि तिचा कोडशी काही संबंध नव्हता. डिस्कॉर्डवर, खेळाडूंच्या चॅटवर, कुणीतरी प्रोग्रॅमरला थेट विचारलं, "किती वेळ लागेल?" त्यानं कामाच्या ओघात लिहून टाकलं, "तासाभरात होईल." त्याच्या मनात होतं की यादी पूर्ववत करायला तासभर लागेल. वाचणाऱ्यांनी घेतलं, तासाभरात माझा कोळसा परत मिळेल. दहा मिनिटांत त्या ओळीचा स्क्रीनशॉट सगळीकडे पोहोचला. माझी सूचना दीडशे शब्दांच्या आतली, नीट तोलून लिहिलेली. पण लोकांनी धरली ती दोन शब्दांची ओळ, आणि का धरू नये? कोड लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडचा शब्द होता तो. दुरुस्ती हाती यायला प्रत्यक्षात नऊ तास लागले.

१:०५ ला ठरल्याप्रमाणे लिहिलं: "नवीन काही नाही. कारण सापडलं आहे, दुरुस्ती लिहायला घेतली आहे. 'तासाभरात' हा अंदाज चुकीचा होता, तो मागे घेतो." यावर आरडाओरडा होईल असं वाटलं होतं. झाला तो थोडाच. "नवीन काही नाही" हे वेळेवर सांगितलं की लोक निदान दर पाच मिनिटांनी विचारायचं थांबवतात.

दुपारी मी रिव्ह्यू वाचायला बसलो. त्या दिवशी ३८ नकारात्मक रिव्ह्यू आले. त्यांतल्या १५ मध्ये सेव्हचा उल्लेखच नव्हता. तिथे को-ऑपबद्दल लिहिलेलं होतं.

आमच्या रोडमॅपच्या, म्हणजे पुढच्या कामांच्या आराखड्याच्या, चित्रात आठ महिन्यांपूर्वी को-ऑपखाली, म्हणजे चौघांनी मिळून खेळायच्या सोयीखाली, "हिवाळा" असं लिहिलं होतं. महिना लिहायची भीती वाटली म्हणून ऋतू लिहिला. दक्षिण गोलार्धातल्या एकानं जूनमध्येच विचारलं होतं, "हिवाळा सुरू झाला, को-ऑप कुठे आहे?" आम्ही हसलो आणि सोडून दिलं. आता उत्तरेकडचाही हिवाळा संपत आला होता आणि को-ऑपबद्दल आमच्याकडून चकार शब्द नव्हता. आमच्या लेखी तो पुढे ढकललेला विषय होता, खेळाडूंच्या लेखी थकलेली उधारी. ०.७ बिघडलं आणि सगळ्या उधाऱ्या एकाच दिवशी दारात आल्या.

स्टीम अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये खेळ आणताना डेव्हलपरला काही ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: अर्ली अ‍ॅक्सेस का, अंदाजे किती काळ, पूर्ण खेळ कसा वेगळा असेल, आजची स्थिती काय, किंमत बदलेल का, खेळाडूंना कसं सामील करून घेणार. ती उत्तरं स्टोअरच्या पानावर कायम दिसतात. भविष्याबद्दल ठोस वचनं देऊ नका, असं स्टीम डेव्हलपरांना सांगतंही. मी त्या दुपारी आमची उत्तरं पुन्हा वाचली. आजच्या स्थितीबद्दल लिहिलं होतं, "जुन्या सेव्ह शक्यतो पुढे चालतील." हा "शक्यतो" फक्त आम्हालाच दिसत होता. बाल्डर्स गेट ३ हा खेळ ऑक्टोबर २०२० पासून ऑगस्ट २०२३ पर्यंत अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये होता, आणि त्या काळातल्या सेव्ह पूर्ण खेळात चालणार नाहीत हे आधीच सांगितलेलं होतं. ऐकायला कडू, पण तिथे "शक्यतो" नव्हता. रोडमॅपच्या बाबतीत वॅलहाइम या खेळाची गोष्ट या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये खेळ आला, महिन्याभरात ५० लाख प्रती गेल्या, २०२१ साठी चार मोठी अपडेट्स जाहीर झालेली होती. त्यांतलं पहिलं सप्टेंबरमध्ये आलं आणि त्यांतलंच मिस्टलँड्स डिसेंबर २०२२ मध्ये. खेळ एवढा गाजला की आधी त्याचेच बग निस्तरावे लागले. यश मिळालं तरी वेळापत्रक कोसळतं, हे आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं.

रिव्ह्यूला उत्तर द्यावं की नाही यावर आमच्यात वाद झाला. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. आमच्यावर रागावलेले लोक शंभर-दोनशे तास खेळलेले होते. परताव्याची वाट त्यांना बंद, हातात राहतो तो रिव्ह्यू. म्हणून ठरवलं की वाद घालायचा नाही. जिथे त्या माणसाला करता येण्यासारखं काही आहे, म्हणजे प्रत कुठे सापडेल किंवा कुठली ब्रँच निवडायची, तिथेच उत्तर द्यायचं. रिव्ह्यू बदला असं कुणालाही सुचवायचं नाही. संध्याकाळपर्यंत गेल्या ३० दिवसांच्या रिव्ह्यूंवरचा शिक्का "मोस्टली पॉझिटिव्ह"चा "मिक्स्ड" झाला होता. सीमा ७० टक्क्यांवर आहे आणि आम्ही सकाळी ७२ वर होतो.

रात्री पावणेदहाला ०.७.१ प्रयोगाच्या ब्रँचवर गेलं. आता सेव्हमध्ये वस्तूचं कायमचं नाव लिहिलं जातं, यादी कशीही लावा. सेव्ह फाइलच्या माथ्यावर ती शेवटची कुठल्या बिल्डनं लिहिली हे आधीपासून नोंदलं जात होतं, तेच कामी आलं. ०.६ ची सेव्ह असेल तर जुन्या यादीनं वाचायची. ०.७.० नं हात लावलेली असेल तर कुठल्या यादीनं वाचायची ते खेळाडूला विचारायचं, कारण तिच्यात जुने आकडे आणि अपडेटनंतर गोळा केलेल्या वस्तूंचे आकडे मिसळलेले असतात आणि ते वेगळे काढायचा मार्ग नव्हता. छाटल्या गेलेल्या मालासाठी ५०० कोळशांची एक पेटी, तीही मागितली तरच. कष्टानं जमवलेल्या खेळात फुकटचा माल आयता येऊन पडलेला काहींना खपत नाही. शिवाय कुठलीही सेव्ह नव्या आवृत्तीत नेण्याआधी तिची न पुसली जाणारी एक प्रत काढायची. त्यासाठी कोडच्या चार ओळी पुरल्या.

मुख्य ब्रँचवर ते रात्री लावायचं का? दबाव खूप होता. नाही लावलं. दमलेल्या डोळ्यांनी एकदा यादी आवरून झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, खेळाडूंनी पाठवलेल्या साठ-सत्तर सेव्ह उघडून बघितल्यावर लावलं.

प्रोग्रॅमरला चॅटवर लिहायला बंदी घालावी अशी एक सूचना आली, ती मी हाणून पाडली. कारखाने उभारायच्या फॅक्टोरिओ या खेळाचे निर्माते २०१३ पासून वर्षानुवर्षं दर शुक्रवारी कामाचे तपशील लिहीत आले. लोक ते वाचायचे कारण त्यात कारखान्याचा वास होता. आमच्याकडे नियम एवढाच झाला की चालू कामाबद्दल वेळ सांगायची नाही, टप्पा सांगायचा: कारण शोधतोय, सापडलं, दुरुस्ती लिहितोय, तपासतोय. तारीख जाहीर करायची ती बिल्ड प्रयोगाच्या ब्रँचवर जाऊन जुन्या सेव्हची चाचणी पार पडल्यावर. यादी कशी सरकली हे प्रोग्रॅमरनंच तीन चित्रं काढून समजावलं, आणि आमच्या कुठल्याही घोषणेपेक्षा त्याला जास्त दाद मिळाली. रोडमॅपवर आता तीनच रकाने आहेत: हातात असलेलं, त्यानंतरचं, आणि विचारात असलेलं. को-ऑप तिसऱ्यात गेलं. ते जाहीर केलं त्या आठवड्यात आणखी वाईट रिव्ह्यू आले, आणि ते रास्त होते.

ज्याला मी मॉडबद्दल विचारलं होतं त्याला वेगळं लिहून माफी मागितली आणि कोळशाची पेटी हवी का विचारलं. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. कोळसा पुन्हा खणून काढला होता. चौदा गळ मात्र त्यानं त्याच पेटीत ठेवले होते, आणि पुढच्या अपडेटमध्ये ते जाणार असतील तर आधी कळवा, असं त्यानं लिहिलं होतं.