दोघांपुरतं वाळवण: वाईतला मे महिन्यातला एक आठवडा

रविवारी संध्याकाळी कुरडयांसाठी दीड किलो गहू भिजत टाकले की पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक आपोआप ठरतं. गव्हाला तीन दिवस लागतात, घाई चालत नाही, आणि निवृत्त माणसांना तरी घाई कसली? दीड किलोच का, तर दोघांना वर्षभर सणासुदीला पुरतात आणि मुलांकडे एक डबा जातो. पूर्वीच्या सवयीने पाच किलो भिजवणारे गुरुवारी दुपारपर्यंत कंबर धरून बसतात.

वाईत मे महिन्यात उन्हाचा भरवसा सकाळचाच. तीननंतर ढग चढू लागतात, आणि वळीव आला तर दहा मिनिटांत सगळं भिजवून जातो. म्हणून प्रत्येक वाळवण साडेसहा-सातला पसरून व्हायला हवं आणि माणसं दहाच्या आत सावलीत. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्या घेणाऱ्यांना उन्हात भोवळ लवकर येते. वाळवणाची राखण व्हरांड्यातूनही होते. गरम पातेलं घेऊन गच्चीचा जिना चढायचा नाही, हा नियम मात्र कडक. अंगणात बाज टाकावी, तिच्यावर जाड स्वच्छ प्लॅस्टिक. खताची रिकामी पोती धुऊनसुद्धा वापरू नयेत.

गहू भिजवताना पाणी चार बोटं वर ठेवावं आणि सकाळ-संध्याकाळ बदलावं. थंडीत एकदा बदललं तरी भागतं, मे महिन्यात नाही. आंबूस वास यायचाच. कुजकट वास आला तर पाणी बदलायचं राहून गेलंय असं समजावं, आणि त्या गव्हाच्या कुरडया तळल्यावरही तो वास सोडत नाहीत.

सोमवार बटाट्याच्या किसाचा. बटाटा जुना हवा. नव्या बटाट्यात साखर जास्त असली की कीस तळताना लाल होतो आणि चव कडवट लागते. तीन किलो बटाटे सोलून थेट पाण्यात किसावेत, पाणी नितळ होईपर्यंत तीन-चारदा धुवावेत. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून मीठ आणि सुपारीएवढी तुरटी घालावी, कीस दोन-तीन मिनिटंच ठेवून चाळणीत काढावा. जास्त शिजला तर लगदा होतो, कच्चा राहिला तर काळा पडतो. पसरताना मोकळा करायचा. गोळे राहिले की आत ओल राहते.

मंगळवारी मिरच्या. सांडगी मिरचीला जाड सालीची, कमी तिखट मिरची घ्यावी. पोटाला चीर देऊन धणे, थोडी मेथी, मोहरी आणि मीठ यांची भरड भरायची, रात्री आंबट ताकात बुडवायच्या, सकाळी निथळून उन्हात. असं तीन दिवस. उरलेलं ताक रोज तेच वापरायचं. शेवटी ते मिरच्यांनीच पिऊन टाकलेलं असतं. भरड करताना खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दोघंही तासभर शिंकतात.

उडदाचे पापड या आठवड्यात घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते पीठ कुटायला हातात जोर लागतो आणि लाटायला चार बायका. बचत गटाकडून दोन किलो घ्यावेत आणि ते घरी आणून एक ऊन द्यावं.

बुधवारी संध्याकाळी गहू दाबून बघायचा. साल सुटून पांढरा चीक बाहेर आला की झालं. भरपूर पाण्यात मिक्सरला थोडा थोडा फिरवावा, एका दमात फार बारीक नको, नाहीतर कोंडा चिकात उतरून कुरडई काळपट दिसते. आधी चाळणीतून, मग पातळ फडक्यातून गाळावं. चोथ्यात अजून दोनदा पाणी घालून पिळलं की उरलेला चीकही सुटतो. चोथा फेकू नका. त्यात मिरची, लसूण, जिरे, तीळ, मीठ आणि थोडा चीक घालून शिजवून भुसवड्या घालतात. रात्रभर तो फ्रिजमध्ये ठेवावा, बाहेर सकाळपर्यंत आंबतो. गाळलेला चीक मात्र झाकून रात्रभर अजिबात न हलवता ठेवायचा.

संध्याकाळ मग मोकळी. मे महिन्यात वाईत वसंत व्याख्यानमाला असते. दोघांनी जाऊन यायला हरकत नाही, पातेल्यातला चीक राखणीशिवाय खाली बसतो.

गुरुवारी पहाटे वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. खाली घट्ट थर लागतो. तो ढवळून वाटीने मोजावा: जितक्या वाट्या चीक, तितक्याच वाट्या पाणी. पाणी उकळलं की हिंग, चमचाभर तेल आणि मीठ. मीठ चाखून थोडं कमीच ठेवा. वाळताना पाणी उडतं आणि खारटपणा पुढे येतो. आता एकाने चीक धारेने सोडायचा आणि दुसऱ्याने लाटण्याने न थांबता एकाच दिशेने ढवळायचं. हे काम एकट्याने करू नये. गुठळ्या होतात त्या ओतणारा आणि ढवळणारा एकच असल्यामुळे. घट्ट झालं की पातेलं तव्यावर ठेवून झाकण घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं वाफ द्यावी, मधे दोनदा हलवून. चकाकी आली, पांढरा रंग जाऊन पारदर्शक झाला आणि ओल्या बोटाला चिकटला नाही, की शिजला. कच्चा राहिला तर वाळल्यावर कुरडईचा चुरा होतो, तळल्यावर फुलत नाही.

सोऱ्याला आतून तेल लावून गरम असतानाच भरायचा. गार चिकाला दुप्पट जोर लागतो आणि तार मधेच तुटते. म्हणून अर्धा चीक झाकून ठेवावा आणि सोऱ्या आळीपाळीने दाबावा. खांदा दुखत असेल तर पळीने पळीपापड्या घाला. चव तीच असते. पातेल्याला लागलेला गरम चीक दूध-साखर घालून खायचा, तोच त्या दिवशीचा नाश्ता.

पहिल्या दिवशी कुरडई उलटायची घाई नको. संध्याकाळी वरची बाजू कडक वाटली की सुटते; आधी ओढली तर मधला भाग प्लॅस्टिकलाच राहतो. शुक्रवारी उलटी बाजू, शनिवारी टोपलीत. कावळे आणि खारींसाठी वरून जुनी मच्छरदाणी बांधावी. “अहो, ढग आले” अशी हाक आली की आधी कुरडया आत, मग मिरच्या, कीस शेवटी. भिजल्याच तर रात्रभर पंख्याखाली पसरून दुसऱ्या दिवशी ऊन द्यावं. पांढरेपणा थोडा जातो, पण वास आंबला नसेल तर खायला ठीक असतात.

शुक्रवार-शनिवारी मोकळ्या बाजेवर साठवणीचा गहू. दोघांना महिन्याला सहा-सात किलो लागतो, तेव्हा वर्षाचं पोतं उगाच भरू नका, सहा महिन्यांचा पुरे. दोन दिवस ऊन देऊन तो रात्री पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरायचा. गरम भरला की कोठीच्या आत घाम धरतो आणि पावसाळ्यात सोंडे होतात. दहा किलोला दोन मोठे चमचे एरंडेल चोळावं. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळवलेला. ओला पाला किड्यांनाच मदत करतो. दुकानात मिळणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात आणूच नयेत. दमट हवेत त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव जाऊ शकतो.

रविवारी एक कुरडई मोडून बघावी. मधोमध कट्ट वाजून तुटली तरच डब्यात. वाकली तर अजून एक ऊन. मग एक तळावी. डब्याच्या तळाशी कागद, थरांमध्ये कागद, आणि झाकणावर वर्ष लिहिलेली पट्टी. मागच्या वर्षीच्या उरल्या असतील तर त्या वरच्या फळीवर, आधी त्याच संपवायच्या.