विमानाची रुंदी चोरायची नाही

ऐंशीच्या दशकात घडणाऱ्या एका सिनेमासाठी एअरबस ए-300 चा आतला भाग उभा करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा कॅमेरा टीमची पहिली मागणी होती, "वाट जरा रुंद ठेवा, ट्रॉली जाऊ दे." मी ठाम नाही म्हटलं. इंडियन एअरलाइन्सकडे ही विमानं 1976 मध्ये आली. केबिन आतून 5.28 मीटर रुंद, म्हणजे सव्वासतरा फुटांच्या थोडं वर, आणि एका रांगेत 2-4-2 अशा आठ सीट. ऐकायला ऐसपैस वाटतं, पण दोन्ही वाटा जेमतेम दीड फुटाच्या आसपास. तिथून जाताना हवाई सुंदरीला अंग चोरावं लागतं, खिडकीकडचा माणूस उठताना वाकतो. वाट वाढवली की नट मोकळे चालायला लागतात आणि विमानाचा हॉल होतो.

त्यामुळे माप खरं ठेवलं आणि भिंती सुट्या केल्या. गोरेगावच्या फ्लोअरवर एकाच साच्यावरून प्लायच्या कमानी कापल्या, त्यांवर फायबरचे पॅनेल बसवले आणि प्रत्येक तुकड्याला खालून चाकं लावली. कॅमेऱ्याला जागा हवी असेल तिथला तुकडा ओढून बाजूला घ्यायचा. सांधे मात्र पॅनेलच्या मूळ जोडावरच यायला हवेत, नाहीतर क्लोजअपमध्ये रेघ दिसते. यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घातला आणि तो सत्कारणी लागला.

खिडक्या आखताना मिस्त्रींनी विचारलं, "ताई, प्रत्येक सीटसमोर खिडकी नको का?" नको! खिडक्यांमधलं अंतर विमानाच्या सांगाड्यानं ठरतं, सीटमधलं अंतर विमान कंपनी ठरवते. सीट जमिनीतल्या रुळावर मागेपुढे सरकवता येतात. त्यामुळे कुणाच्या खांद्याशी खिडकी येते, कुणाच्या वाट्याला नुसती भिंत. ही विसंगती आम्ही मुद्दाम राखली. आतल्या ॲक्रिलिकमागे आणखी एक काच बसवली आणि तिच्यात खालच्या बाजूला बारीक भोक पाडलं. खऱ्या विमानात ते दाब सारखा राखायला असतं. जुन्या सीट भाड्यानं मिळाल्या. त्यांच्या हातांमधले छोटे ॲशट्रे त्या काळाचेच होते, ते फक्त घासून घेतले.

वळणाचा शॉट आला तेव्हा सेट हलवायची गरजच पडली नाही. खिडक्यांबाहेर पांढरा कपडा ताणला होता. लाइटमन दादांनी एक मोठा दिवा क्रेनवरून सावकाश वर नेला. उन्हाचे पट्टे सीटवरून, प्रवाशांच्या चेहऱ्यांवरून घसरत खाली गेले. मॉनिटरवर विमान वळलं. ट्रॉली मागणाऱ्या कॅमेरामननी पुढचा शॉट कॅमेरा हातात धरून, त्याच अरुंद वाटेतून घेतला. दोन्ही बाजूंच्या प्रवाशांचे खांदे फ्रेममध्ये घुसत होते, आणि तोच टेक ओके झाला.