मँचेस्टरच्या वर्गातून काळाचौकीच्या चाळीत

एरवी मी मँचेस्टरचा पाऊस, तिथली घरभाडी, तिथला गणपती यांबद्दल लिहीत असते. सध्या विद्यापीठाने संशोधनासाठी रजा दिली आहे आणि मी लालबागला माहेरी आले आहे. मी तिकडे नक्की काय काम करते हे बऱ्याच जणांनी विचारलं होतं आणि लिहायचं राहून गेलं होतं. आज लिहायचं कारण असं, की तेच काम मी आता काळाचौकीत, मुंबईच्या जुन्या गिरणी कामगारांच्या वस्तीत, करते आहे, आणि ते इथल्या लोकांनीच हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

मी सर्जनशील लेखन शिकवते. निम्मा आठवडा कथा-कादंबरी लिहू पाहणाऱ्या मुलांबरोबर जातो. उरलेला निम्मा मौखिक इतिहासात, म्हणजे माणसांना भेटायचं, त्यांचं आयुष्य त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करायचं, शब्दन् शब्द उतरवून काढायचा आणि तो संग्रहात जपायचा. शिवाय ज्या वस्तीतून गोष्टी घेतल्या त्याच वस्तीत लोकांना जमवून त्या पुन्हा ऐकवायच्या, त्यांनी एकमेकांना सांगायच्या. माझ्या लेखी हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा.

लेखन शिकवता येतं का, यावर आपल्याकडे अजून वाद होतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने लेखनाचा अभ्यासवर्ग १९३६ मध्येच सुरू केला. इंग्लंडमध्ये नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रम १९७० मध्ये आला. आता तिथे पीएचडीसाठीसुद्धा कादंबरी सादर करता येते, सोबत तिच्यामागच्या विचाराचं विवेचन जोडावं लागतं. मौखिक इतिहास मात्र वेगळ्या वाटेने आला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये हे काम उभं केलं तेव्हा मुलाखती प्रामुख्याने मोठ्या हुद्द्यांवरच्या माणसांच्या असत. ब्रिटनमध्ये एसेक्स विद्यापीठातल्या पॉल थॉम्पसन यांच्यासारख्यांनी तो रोख मोलकरणी, खाणकामगार, विणकर यांच्याकडे वळवला. तिथली ओरल हिस्टरी सोसायटी १९७३ ची.

नोकरी म्हणून हा रस्ता खडतर आहे, आणि इकडून कुणी त्या वाटेने यायचं म्हणत असेल तर ते आधी माहीत असावं. कायम होण्यापूर्वी मी काही वर्षं एका विद्यापीठात तासिका तत्त्वावर काढली. वर्गात उभं राहिल्याचे पैसे मिळत. मुलाखतीसाठी केलेल्या प्रवासाचे, उतरवून काढण्याचे मिळत नसत. एक तासाचं बोलणं नीट उतरवायला सहा ते आठ तास सहज जातात, बोली असेल तर त्याहून जास्त. ही मेहनत कुठल्याच हिशोबात नव्हती आणि त्याचा राग मला अजून आहे. पुढे परिस्थिती थोडी सुधारली. ब्रिटनमध्ये २०२१ साली संशोधनाचं जे राष्ट्रीय मूल्यमापन झालं, त्यात विद्यापीठाबाहेरच्या समाजावर झालेल्या परिणामाला २५ टक्के वजन होतं. त्यामुळे वस्तीतल्या कामाला किंमत आली. पण अहवालात छापायला फोटो हवा म्हणून कार्यक्रम ठेवणारेही निघाले. गोष्ट सांगणाऱ्या बाईला त्यानंतर कुणी फोनसुद्धा करत नाही.

लँकेशायरमध्ये, म्हणजे मँचेस्टरभोवतालच्या कापडगिरण्यांच्या जुन्या प्रांतात, मला पहिल्यांदा आपलं वाटलं ते तिथल्या गिरणी कामगारांमुळे. ओल्डहॅम मँचेस्टरपासून ट्रामच्या अंतरावर. तिथल्या प्लॅट ब्रदर्सच्या कारखान्यात बनलेली सूतकताईची यंत्रं बोटीने मुंबईला येत. पुढे आपल्याच गिरण्यांशी लँकेशायरची स्पर्धा झाली, परदेशी कापडावरच्या बहिष्कारानंतर तिथल्या कामगारांवर बेकारी आली, आणि १९३१ मध्ये गांधीजी त्यांना भेटायला तिथल्या डार्वेन गावी गेले. हे मी मुंबईत शाळेत कधी शिकले नव्हते.

ओल्डहॅमला मी एका विणकर आजींची मुलाखत घेतली. मागांचा आवाज इतका असायचा की बायका ओठांच्या हालचालीवरूनच एकमेकींशी बोलत. चेहरा ताणून, ओठ मोठे मोठे हलवून, समोरच्या मागावरच्या बाईशी घरच्या भांडणापासून सगळं. त्या पद्धतीला तिथे मी-मॉ म्हणतात. आजींनी मला ते करून दाखवलं. माझं ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालू होतं, त्याची सुई हलत नव्हती, आणि आजी तोंडभर बोलत होत्या. घरी येऊन ऐकलं तर त्या जागी फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगते की मुलाखत संपल्यावर त्याच दिवशी, जेवायच्या आधी, दिसलेलं सगळं लिहून ठेवा. हात कसे हलले, कुठे थांबले, कुणाकडे बघून बोलले. लेखनाचं शिक्षण इथे उपयोगी पडतं, कारण इतिहासकाराच्या टेपवर जे येत नाही ते शब्दांत उतरवायचं कसब कादंबरीकाराकडे असतं.

काळाचौकीत मला भेटले ते एक निवृत्त जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम, मूळ रत्नागिरीकडचे. दुपारची वेळ, पंखा बंद ठेवायला लागला, कारण त्याची घरघर आवाजावर बसते. त्यांच्या घरातल्या मावशींनी कुकर लावायचा पुढे ढकलला. काका बोलायला लागले आणि माझ्या यंत्रावरचा काटा थेट लाल पट्ट्यात गेला. आयुष्यभर साच्याच्या, म्हणजे मागाच्या, खडखडाटात काढलेल्या माणसाचा आवाज हळू होत नाही. मी पातळी खाली घेतली, माइक थोडा लांब सरकवला. मी ओल्डहॅमच्या बाजूने आले ते सांगितलं तर म्हणाले, "ओल्डहॅम? तुझ्या गावाचा नाव आमच्या मशीनवर होता, बाय. लोखंडातच अक्षरं. पाळी लागली की मी त्याच्यावरून हात फिरवायचो." आणि हवेत बोट फिरवून त्यांनी ती अक्षरं काढून दाखवली. इंग्रजी वाचता येत नव्हतं, आकार मात्र पाठ होते.

मग संपाचा विषय निघाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईच्या गिरण्यांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो मिटला तेव्हा तुम्ही काय करत होता, असं मी विचारलं. काका एकदम ताठ बसले. "मिटला असा तुला कोण बोलला? कोणी बोलला नाय. आम्ही मागे घेतला नाय, मग मिटल कसा?"

अभिलेखात पाहिलं तर काका बरोबर आहेत, तो संप औपचारिकपणे मागे घेतला गेलाच नाही. पण समजा ते चुकले असते, तरी ते बोलणं मी तसंच ठेवलं असतं. इटलीत अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने तेर्नी नावाच्या पोलादनगरीत मुलाखती घेतल्या. तिथे लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार मार्च १९४९ मध्ये नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. पण कित्येक कामगारांनी त्याचा मृत्यू १९५३ मध्ये, मोठी कामगारकपात झाली त्या वेळच्या चकमकीत झाला असं सांगितलं. पोर्तेल्ली यांनी ती चूक म्हणून खोडली नाही. लोकांनी तो मृत्यू तिथे का नेऊन ठेवला, हे शोधलं. चार वर्षं गावाने तो अपमान गिळला, त्याचं उत्तर देता आलं नाही, आणि शेवटी प्रतिकार झाला तिथे मनाने त्या मुलाला नेलं. मी वर्गात हे दरवर्षी शिकवते. काळाचौकीत त्या खोलीत बसून मला ते पुन्हा नव्याने कळलं. अडीच लाख घरांच्या चुली ज्याने हलवल्या, तो संप कुठल्या दिवशी संपला म्हणून सांगायचं?

मावशी इतका वेळ आतून ऐकत होत्या. त्यांचं कुणी कधी विचारलंच नव्हतं. खरं तर संपाच्या आधीपासून त्या खानावळ चालवायच्या. गावाकडून एकटे आलेले पुरुष, गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे, महिन्याच्या हिशोबाने त्यांच्याकडे जेवायचे. कोण उपाशी झोपतो, कोण पगाराच्या दिवशी गायब होतो, कुणाच्या घरून पत्र आलं की तो जेवत नाही, हे मावशींना कामगार संघटनेपेक्षा जास्त ठाऊक होतं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच खानावळवाल्या बायकांसाठी, सावकाराच्या पाशातून सुटून त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. संपात खानावळीचं काय झालं विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "पैसे कोणाकडे होते? जेवायला तर येणारच ना. माझे वाडवळी डूल गेले त्या वर्षी." पुढे त्यांनी एका सावकाराचं नाव घेतलं, आणि लगेच म्हणाल्या की हे नको लिहू, त्याची नातवंडं खालच्या मजल्यावर राहतात.

ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रित मुलाखतीतल्या शब्दांवर बोलणाऱ्याचा स्वामित्वहक्क असतो, हे तिथल्या १९८८ च्या कायद्याने ठरलेलं आहे. म्हणून आम्ही संमतीपत्र घेतो. कुठला भाग बंद ठेवायचा, किती वर्षं, नाव द्यायचं की नाही, सगळं त्यात असतं. ते इंग्रजी पत्र मी मराठीत आणलं, पण मावशींना ते वाचून दाखवण्यापेक्षा सगळी मुलाखतच परत ऐकवली. त्यांनी सावकाराचा भाग काढायला लावला. आणि त्याच्या जागी त्यांच्याकडे जेवणाऱ्या माणसांची नावं, गावासकट, एकेक करून घालायला लावली. यादी लांबली. मी एकही गाळलं नाही.

हे काम मुंबईत आधी झालेलंच नाही असं कुणाला वाटू नये. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्याशी बोलून १९८९ मध्ये त्यांचा इतिहास पुस्तकरूपाने आणला, तेव्हा परदेशातल्या कुठल्या विद्यापीठाचं पाठबळ त्यांच्यामागे नव्हतं. स्त्रियांच्या आवाजांचा आणि चित्रांचा संग्रह करणारी स्पॅरो ही संस्था मुंबईत १९८८ पासून आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं गिरणगावावरचं मोठं काम २००४ मध्ये प्रकाशित झालं, त्यातले आवाज वाचताना मला माझ्याच चाळीतले जिने दिसतात. माझ्या मँचेस्टरच्या विद्यार्थ्यांना मी ही नावं नेव्हिन्स आणि थॉम्पसन यांच्या बरोबरीने शिकवते.

पण संपात जो पंचविशीत होता तो आज सत्तरीच्या उंबरठ्यावर किंवा पलीकडे आहे. चाळी पाडून टॉवर होत आहेत, आणि एका गॅलरीत राहणारी माणसं विरार, बदलापूर, पनवेलला पांगली आहेत. संशोधकांची वाट पाहण्याइतका वेळ नाही. पुढच्या आठवड्यात चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत आम्ही ध्वनिमुद्रणं ऐकवणार आहोत, सांगणाऱ्यांच्या परवानगीने. काकांनी त्यांच्या भजनी मंडळाला सांगून ठेवलं आहे.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर मोबाइलही पुरतो. विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन उशीवर नको, टेबलावर जाड कापडाची घडी घालून त्यावर ठेवा. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, त्यांचं नाव, मूळ गाव, गिरणी आणि गिरणीतलं खातं (विभाग) सांगा. संपाविषयी काय वाटतं असा प्रश्न पहिल्यांदा टाकू नका. पहिल्या पाळीला घरातून निघताना बरोबर काय काय असायचं ते विचारा. डब्यापासून माणूस गेटपर्यंत जातो, गेटवरून खात्यात, आणि तिथून पुढे त्याला तुमच्या प्रश्नांची फारशी गरज लागत नाही. मध्ये गप्प बसले तर तुम्हीही गप्प बसा. नंतर त्यांना सगळं ऐकवा, काढायचं ते काढू द्या, घालायचं ते घालू द्या. फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि एक प्रत त्यांच्या हातात द्या.