कशेळीचा कातळात कोरलेला हत्ती बघून आल्यापासून

घणसोलीला आमच्या गच्चीतून पारसिकचा डोंगर दिसतो, खाणींनी कापलेल्या बाजूसकट. लहानपणापासून बघतेय म्हणून कधी काही वाटलं नाही, पण मे महिन्यात राजापूरला काकांकडे जाऊन आले आणि आता ती बाजू डोळ्यात खुपते.

काकांनी बाईकवरून कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कातळशिल्प बघायला नेलं. कातळशिल्प म्हणजे कातळात जुन्या काळी कोरलेलं चित्र. नुसता काळा कातळ, सावली म्हणून नाही, चपलेतून चटके बसतायत, आणि समोर काय तर एक खोबण. म्हटलं हेच का? मग काकांच्या मागे त्या रेघेच्या कडेकडेने चालत गेले तेव्हा कुठे सोंड कळली, पाय कळले, आणि अंगावर काटाच आला. जवळजवळ १८ मीटर लांब नि १३ मीटर रुंद हत्ती आहे तो, त्याच्या पोटात अजून कितीतरी प्राणी कोरलेत.

बारसूला दोन वाघांच्या मधे माणूस आहे, काही सड्यांवर गेंडा आहे, जो आज कोकणात औषधालाही नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या लोकांनी गावोगाव पायपीट करून ही कातळशिल्पं शोधली म्हणून २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नऊ जागा गेल्या, त्यात सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळपण आहे.

पण यादीत नाव आलं म्हणजे कातळ वाचला असं नाही ना. सडा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो, तिथे भात पिकत नाही, पैसा मिळतो तो चिऱ्याचा, म्हणजे घरासाठी कापलेल्या जांभ्या दगडाचा, कापायचं मशीन लावलं की संपलं. मालकाला दोष कसा देऊ, आजोबांचं घर चिऱ्याचंच आहे. उक्षीला गावाने स्वतः तिथला कोरलेला हत्ती जपलाय, पण मला वाटतं नुसत्या चित्राभोवती गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालून भागणार नाही. ही चित्रं कोरणारी माणसं राहायची कुठे, पाणी कुठलं प्यायची, हे आजूबाजूलाच सापडणार. सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत खणल्यावर दगडी हत्यारं मिळालीच की! चिरेखाणीला परवानगी द्यायच्या आधी अख्खा सडा कुणीतरी चालून बघायला हवा, एवढं तरी व्हावं.

काकांच्या सड्यालाही गिऱ्हाईक आलंय. त्यांनी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय, तोवर गवत वाळतं, मग मी आणि दादा खराटे घेऊन जाणार, माती झाडून खाली काय आहे ते आधी बघणार.