आधी गज घाल

बाबांचं तेरावं उरकल्यावर माळ्यावरची बंदूक खाली काढली. ठासणीची, म्हणजे दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून सळईने, गजाने, ठासून भरायची. एकनळी, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवता येत नाही, पोलीस ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करावं लागतं, एवढं मला ठाऊक होतं. गोणपाटात गुंडाळून दुचाकीला बांधत होतो, तेवढ्यात शेजारचे आबा आले. त्यांच्याकडेही ठासणीचीच आहे, चाळीसेक वर्षं झाली.

"झिला, आधी गज घालून बघलंस?"

दारूला ठिणगी देणारी छोटी टोपी म्हणजे केप, ती नळीच्या बुडाशी ज्या बोंडावर बसते ते निपल. निपलावर केप नाही म्हणजे बंदूक रिकामी, असा माझा समज. आबांनी नळीचं तोंड कुंपणाकडे केलं, गज आत सोडला, तोंडाशी आला तिथे नखाने खूण धरली आणि गज बाहेर काढून नळीवर लावून दाखवला. टोक निपलापर्यंत पोचायला हवं होतं. ते चार बोटं अलीकडेच थांबलं.

"भरलेली आसा," आबा एवढंच म्हणाले. माझ्या पायातलं बळ गेलं.

बाबांनी मोसमाच्या शेवटी बार, म्हणजे दारू-छर्रे, ठासून ठेवला असणार, मग आजारपणात राहून गेला. आबांनी निपल काढलं, वरून नळीत पाणी ओतलं आणि बंदूक रात्रभर तशीच उभी ठेवली. काळ्या दारूतला सोरा पाण्यात विरघळतो, ओली दारू पेट घेत नाही. दुसऱ्या दिवशी गजाच्या टोकाला पेच लावून त्यांनी आतला डाट, म्हणजे बार दाबून धरणारा बोळा, फिरवत फिरवत ओढला. आधी सोडणाचा काथ्या आला, मग छर्रे, मग काळा चिखल. त्यानंतरच ठाण्यात गेलो आणि जमा केल्याची पावती घेतली. ती पावती जपा, पुढे प्रत्येक टेबलावर तीच मागतात.

वारसाहक्काने परवाना नावावर करायला मला अकरा महिने लागले. अर्ज ऑनलाइन भरायचा, तरी त्याची छापील प्रत घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, जावं लागतंच. मृत्यूचा दाखला, सातबारा, वैद्यकीय दाखला, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि भावाबहिणींचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. बहीण मुंबईला, तिची सही यायलाच गणपती उजाडले. एका खिडकीवर कागद दोनदा हरवले, तो विषय सोडतो. मिळालेला परवाना पाच वर्षांचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीआधी मुदत तीन वर्षांची होती.

दरम्यान डोक्यात दुसरंच चाललेलं. जुनीच ठेवावी की काडतुसाची १२ बोअर घ्यावी? कोल्हापूरच्या एका दुकानदार काकांनी आधी माझ्या भाषेची हजेरी घेतली. मी 'रायफल, रायफल' म्हणत होतो. रायफल म्हणजे नळीत आतून पिळाचे आटे, त्यांनी गोळी फिरत जाते. आमच्याकडच्या ठासणीच्या बंदुकांच्या नळ्या आतून गुळगुळीत. ठासणीची रायफल असायची, नाही असं नाही. १८५७ साली ज्या चरबीच्या काडतुसांवरून भडका उडाला ती एनफिल्ड तसलीच. कागदी काडतूस दाताने तोडून दारू वरून नळीत ओतायची, म्हणून तर चरबी तोंडाला लागण्याचा प्रश्न.

१२ बोअरचा मोह होताच. काडतूस घाल, चाप ओढ, नळी उघड, काम झालं. पण मला मारायचंय काय? गव्याला हात लावायची सोय नाही, रानडुकराला वनखात्याची परवानगी हवी. मला हवा असतो आवाज, तोही काजूच्या आणि केळीच्या दिवसांत, माकडांना पळवायला. त्यासाठी विकतची काडतुसं उडवणं परवडणारं नाही. शिवाय परवान्यावर हत्याराचा प्रकार लिहिलेला असतो, तो बदलायला परत ओरोस. नकोच ते.

तरी जुनी वापरण्याजोगी आहे का, हे काकांनी कसून पाहिलं. दोऱ्याला बारीक दिवा बांधून नळीत तळापर्यंत सोडला. देवीचे वण असावेत तसे खड्डे दिसले, पण उथळ, आणि दारू बसते तिथे जवळजवळ नाहीत. मग त्यांनी नळीवरून अंगठा अगदी सावकाश फिरवला. डाट नीट न बसता बार उडाला असेल तर तिथे नळी फुगते, ती डोळ्यापेक्षा अंगठ्याला आधी कळते. नळी शाबूत निघाली. दोष सापडला घोड्यात, म्हणजे चाप ओढल्यावर केपवर आपटणाऱ्या हातोडीत. अर्ध्यावर चढवून चाप दाबला तर घोडा खाली पडायला नको. आमचा खट्कन पडला. खाच झिजलेली. बाबा ही बंदूक खांद्यावर टाकून बांध चढायचे! दुरुस्तीला खर्च आला, पण तो करायलाच हवा होता.

पहिल्या पावसाळ्यात मी माती खाल्ली. संध्याकाळी दोन बार उडवले, रॉकेलच्या फडक्याने नळी पुसली, वर खोबरेल चोळलं आणि झोपलो. तिसऱ्या दिवशी फडकं तांबूस निघालं. काळ्या दारूची राख म्हणजे बहुतांशी क्षार. ती आपल्याकडच्या जुलैच्या हवेतलं पाणी ओढते, आणि रॉकेल-तेलाने ती निघत नाही. ती निघते पाण्याने. लोखंडाला पाणी लावायचं हे मनाला पटायला वेळ लागला.

आता बार काढला त्याच रात्री बसतो. गज घालून रिकामी असल्याची खात्री, मग निपल काढायचं, नळी लाकडी दस्त्यातून सुटी करायची आणि तिचं बूड कढत पाण्याच्या बादलीत धरायचं. गजाला बाबांच्या जुन्या धोतराचं फडकं गुंडाळून वरखाली केलं की निपलाच्या भोकातून पाणी पिचकारीसारखं आतबाहेर होतं. पहिली बादली शाईसारखी, वर सडक्या अंड्याचा वास, म्हणून हे काम मागच्या पडवीत. तिसऱ्या पाण्याला फडकं पांढरं येतं. शेवटचं पाणी उकळतंच घ्यायचं, म्हणजे तापलेली नळी आपल्या आपण सुकते. ती कोमट असतानाच बंदुकीचं तेल. खोबरेल बंद केलं, थंडीत ते घोड्याच्या कमानीत थिजून बसायचं.

परवा आबा पडवीत येऊन बसले. मी धुऊन, तेल देऊन नळी दस्त्यात बसवली आणि बंदूक त्यांच्या हातात दिली. त्यांनी काही न बोलता कोपऱ्यातला गज उचलला आणि नळीत सोडला.