तुम्ही विचारलंत म्हणून : अजून सीड्या कशाला?

"मोबाइलवर सगळं दिसतं, मग तुम्ही अजून सीड्या कशाला विकत घेता?" हा प्रश्न मला सांगलीत नातेवाईक विचारतात, पार्सल घेऊन येणारा कुरिअरवाला विचारतो, आणि कस्टमची रक्कम भरायची वेळ आली की घरातले लोकही जरा वेगळ्या सुरात विचारतात. विचारणाऱ्यांच्या लेखी व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे या सगळ्या सीड्याच असतात, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र उत्तर दारात उभ्याउभ्या देण्यासारखे नसल्यामुळे मी बहुतेक वेळा हसून वेळ मारून नेतो. ते एकदा नीट लिहून काढतो.

मला एखादा जुना किंवा परदेशी चित्रपट पाहायचा असतो तेव्हा त्याची कोणती प्रत पाहायची हेही ठरवायचे असते, आणि ती निवड करण्याची सोय डिस्कइतकी दुसरीकडे कुठेही मला सापडलेली नाही. तुकोबांची गाथा वाचणारा जाणकार माणूस हातातली प्रत पंडिती की देहूची, हे आधी पाहतो, कारण पाठभेद असतात हे त्याला ठाऊक असते. चित्रपटांनाही पाठभेद असतात, आणि जुन्या चित्रपटांना तर इतके असतात की एकाच नावाखाली दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी पाहिलेल्या असतात आणि मग ते तासभर एकमेकांशी वाद घालतात. आमच्या विश्रामबागेतल्या कंपूत असे वारंवार घडते. आम्ही काही जण रविवारी एका मित्राच्या हॉलमध्ये जमतो, चित्रपट पाहतो, भडंग खातो आणि त्यानंतर चित्रपटाच्या लांबीपेक्षा जास्त वेळ बोलत बसतो.

फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस'चेच उदाहरण घ्या. १९२७ साली बर्लिनमध्ये हा मूकपट प्रथम दाखवला गेला तेव्हा तो अडीच तासांच्या आसपास होता. तो चालेना म्हणून काही महिन्यांतच त्याला मोठी कात्री लागली आणि कापलेला भाग कायमचा गेला असे पुढची ८० वर्षे सगळ्यांनी गृहीत धरले. २००८ साली ब्युनोस आयर्समधल्या चित्रपट संग्रहालयात त्याची १६ मिलिमीटरची एक प्रत सापडली आणि तिच्यात गायब झालेल्या भागापैकी सुमारे २५ मिनिटे होती. २०१० साली ती मिनिटे मूळ जागी बसवून चित्रपट नव्याने दाखवला गेला. डिस्कवर ही आवृत्ती पाहताना सापडलेली दृश्ये लगेच ओळखू येतात, कारण त्यांवर उभ्या ओरखड्यांचा पाऊस असतो आणि चौकटही किंचित लहान झालेली असते. जीर्णोद्धार करणाऱ्यांना ते ओरखडे पूर्णपणे काढता आले नाहीत, आणि मला वाटते ते बरेच झाले. चित्रपटाला काय सोसावे लागले ते पडद्यावरच दिसते. आता इंटरनेटवर याच नावाने शोधा. १९८४ साली जॉर्जिओ मोरोडेरने रॉक संगीत घालून आणि रंग चढवून केलेली दीड तासाच्या आतली आवृत्ती मिळेल, जुन्या अपुऱ्या प्रती मिळतील, पूर्ण प्रतही मिळेल. फक्त यांतली कोणती कुठली, हे सांगणारी ओळ बहुधा नसेल. आमच्या कंपूतल्या दोघांनी 'मेट्रोपोलिस'च्या कथेत अर्थच नाही असे वर्षानुवर्षे सांगितले होते, आणि दोघांनीही कथेचा पाव भाग कधी पाहिलेलाच नव्हता.

मूकपटांच्या बाबतीत वेग हाही पाठभेदच असतो. कार्ल ड्रायरच्या १९२८ सालच्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'ची मूळ निगेटिव्ह आगीत जळाली. ड्रायरने शिल्लक राहिलेल्या इतर टेक्समधून दुसरी आवृत्ती जुळवली, तर तीही जळाली. अखेर १९८१ साली ओस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात मूळ आवृत्तीची चांगली प्रत निघाली. ती सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फिल्मवरची २४ चित्रे, या वेगाने चालवली तर चित्रपट सुमारे ८१ मिनिटांचा होतो, आणि २० चौकटींनी चालवली तर सुमारे ९७ मिनिटांचा. माझ्याकडच्या ब्लू-रेवर दोन्ही आहेत. संथ वेगात जोनची भूमिका करणाऱ्या फाल्कोनेटीच्या डोळ्यांत पाणी साठायला आणि ओघळायला वेळ मिळतो; जलद वेगात न्यायाधीशांचे प्रश्न अंगावर येतात. कोणता वेग बरोबर यावर अभ्यासकांचे एकमत नाही आणि आमच्यातही नाही. मी संथ वेगाच्या बाजूचा आहे. पण दोन्ही पाहून मत बनवता येते ते केवळ कोणीतरी दोन्ही जपून एका डिस्कवर दिले म्हणून.

बोलपटांतही वेगाची गंमत असते आणि ती आमच्या लक्षात आणून दिली मिरजेच्या एका स्नेह्यांनी, ज्यांच्या घरात तंतुवाद्ये बनवण्याचे काम चालते. सत्यजित राय यांचा १९५८ सालचा 'जलसाघर' आम्ही एका युरोपीय कंपनीच्या जुन्या डीव्हीडीवर पाहत होतो. बेगम अख्तर गाऊ लागल्या आणि हे गृहस्थ अस्वस्थ झाले. "बाई वर चढल्यात," ते म्हणाले, "पांढरी एकचा तानपुरा काळी एकच्या अलीकडे नेऊन ठेवलाय." आम्हांला वाटले, कानाचे फार लाड चालले आहेत. कारण मात्र अगदी साधे निघाले. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, तर युरोपात आणि आपल्याकडे चालणारी टीव्हीची पाल पद्धत सेकंदाला २५ चौकटींची आहे. त्यामुळे त्या पद्धतीच्या बऱ्याच डीव्हीडींवर चित्रपट सरळ चार टक्के जलद पळवला जाई. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी दुरुस्त केलेली नसेल तर प्रत्येक स्वर अर्ध्या स्वराच्या जरा आत एवढा वर जातो. ब्लू-रे २४ चौकटींनीच चालते. पुढे त्यावर तोच जलसा पाहिला तेव्हा मिरजकरांनी मान डोलावली आणि आम्ही सुटलो.

रायांच्याच 'पथेर पांचाली'बद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मी तो प्रथम पाहिला तो करड्या, धुरकट प्रतीवर, जिच्यात काशफुलांचे शेत आणि आकाश यांत फरक कळत नव्हता आणि पांढऱ्या सबटायटल्स त्या पांढऱ्यात विरघळून जात होत्या. त्या वेळी मला वाटे की १९५५ सालचा, तुटपुंज्या पैशांत केलेला चित्रपट असाच दिसणार. खरी हकीकत वेगळी होती. 'पथेर पांचाली', 'अपराजितो' आणि 'अपूर संसार' या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह दुरुस्तीसाठी लंडनच्या एका प्रयोगशाळेत असताना १९९३ साली तिथे आग लागली आणि त्या होरपळल्या. जळके अवशेष फेकून न देता अमेरिकेत ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहात ठेवले गेले. वीस वर्षांनी ते बोलोन्याच्या प्रयोगशाळेत नेऊन, ठिसूळ झालेल्या फिल्मला पुन्हा ओलावा देऊन, वितळलेल्या कडा आणि फाटलेली छिद्रे हातांनी दुरुस्त करून, एकेक चौकट स्कॅन केली गेली. 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून अधिक भाग त्या जळक्या निगेटिव्हमधून परत मिळाला. उरलेला भाग आणि 'अपूर संसार' जगभरातल्या चांगल्या प्रतींवरून घेतला गेला. २०१५ साली हा संच क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने ब्लू-रेवर काढला. त्यात म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते, आणि तळ्यावर पावसाचे पहिले थेंब पडतात तेव्हा पाण्यावरची वर्तुळे वेगळी मोजता येतात. ज्यांनी धुरकट प्रत पाहून "संथ आहे" म्हटले होते त्यांच्यापैकी एक-दोघांना मी हीच डिस्क दिली. एकाने अजूनही संथच म्हटले, तो त्याचा अधिकार आहे.

जीर्णोद्धाराने सगळे भले होते असेही नाही. वाँग कार-वाईच्या चित्रपटांचा संच २०२१ साली आला तेव्हा दिग्दर्शकाने स्वतः त्यात फेरफार केले होते. १९९५ सालच्या 'फॉलन एंजल्स'ची चौकटच बदलून जास्त रुंद केली, आणि 'इन द मूड फॉर लव्ह'चे रंग हिरवट छटेकडे झुकले. यावरून आमच्यात जे भांडण झाले ते अजून पूर्ण मिटलेले नाही. कंपूतल्या डॉक्टरांचे म्हणणे, चित्रपट त्याचा आहे, त्याला हवा तसा करू दे. निवृत्त प्राध्यापकांचे म्हणणे, एकदा लोकांनी डोक्यात साठवलेला चित्रपट दिग्दर्शकालाही परत घेता येत नाही. मी प्राध्यापकांच्या बाजूचा आहे, पण माझे काही अडत नाही, कारण जुनी डीव्हीडी कपाटात आहे. अडचण पुढच्या प्रेक्षकाची आहे. नव्या जीर्णोद्धारित प्रती चित्रगृहांत आणि ऑनलाइन सगळीकडे गेल्या की जुनी आवृत्ती फक्त अशा कपाटांत उरते.

ऑनलाइन पाहण्याला माझा विरोध आहे असा समज होऊ नये. मुबी ही ऑनलाइन चित्रपटांची सेवा मी स्वतः पाहतो आणि नवे दिग्दर्शक मला तिथेच भेटतात. पण तिथला चित्रपट हा करार संपेपर्यंतचा पाहुणा असतो. अमेरिकेत फिल्मस्ट्रक नावाची अभिजात चित्रपटांची उत्तम सेवा होती, ती नोव्हेंबर २०१८ मध्ये एका निर्णयाने बंद झाली. तिच्यानंतर २०१९ साली आलेली क्रायटेरियन चॅनेल ही सेवा अमेरिका आणि कॅनडापुरती आहे, सांगलीतून ती दिसत नाही. सांगलीत बसून त्यांच्या डिस्क मात्र मागवता येतात. आपल्याकडेही असे दिवस येऊन गेले. २००७ साली मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली तेव्हा साध्या दुकानातही जुने चित्रपट मिळू लागले. त्याच सुमारास पॅलाडोर आणि एनडीटीव्ही ल्यूमिएर या कंपन्यांनी जगभरचे चित्रपट भारतात डीव्हीडीवर आणले. काही वर्षांत हा बाजार बसला. त्या काळात ज्यांनी घेतले त्यांच्याकडे ते आहेत.

"पण पुरात काय करता?" हा सांगलीकरांचा हक्काचा उपप्रश्न. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले, तेव्हा गावभागातल्या एका मित्राचे तळमजल्यावरचे कपाट पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर आम्ही डिस्क साबणाच्या पाण्यात धुतल्या, मधून कडेकडे सरळ पुसल्या आणि सुती चादरीवर पसरल्या. कागदी वेष्टणे आणि पुस्तिका लगदा झाल्या होत्या. व्हीसीडींचे चंदेरी पापुद्रे लेबलासकट निघून आले. डीव्हीडी मात्र बहुतेक चालल्या. याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. सीडी आणि व्हीसीडीत माहितीचा धातूचा थर लेबलाच्या अगदी खाली, लाखेच्या पातळ लेपाने झाकलेला असतो. डीव्हीडीत तो प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन प्लास्टिक चकत्यांच्या मध्ये बंद असतो. ब्लू-रेमध्ये तो वाचायच्या बाजूपासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो, म्हणून तिच्यावर कडक लेप देतात. गढूळ पाण्यातून निघालेली 'बायसिकल थीव्ज' त्या संध्याकाळी पूर्ण चालली, तेव्हा मित्राने पहिल्यांदा जेवणाची चौकशी केली.

मराठीपाशी आले की मी गप्प होतो. १९३६ सालचा प्रभातचा 'संत तुकाराम' व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, तरी आपल्यातल्या बहुतेकांनी तो पाहिला आहे तो रुंद पडद्यात बसवण्यासाठी ताणलेल्या प्रतीत, ज्यात विष्णुपंत पागनीसांचा चेहरा आडवा झालेला असतो. 'राजा हरिश्चंद्र'ची फक्त पहिली आणि शेवटची रिळे वाचली आहेत. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म्स, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्रकारच्या फिल्म्स, जळाल्या, आणि त्यांत प्रभातचा ठेवाही होता. 'पथेर पांचाली'च्या जळक्या निगेटिव्हवर झाले तसे काम आपल्या एखाद्या चित्रपटावर होऊन तो पुस्तिकेसह, पाठभेदांसह डिस्कवर निघाला, तर किंमत न पाहता घेईन, आणि त्या दिवशी घरातलेही काही विचारणार नाहीत अशी आशा आहे.

हे सगळे ऐकूनही ज्यांना सुरुवात करायची असते ते विचारतात, आधी काय घ्यावे? आधी प्लेअर. ब्लू-रेच्या विभागणीत भारत 'सी' विभागात येतो, अमेरिका व जपान 'ए'मध्ये आणि युरोप 'बी'मध्ये, त्यामुळे सर्व विभाग चालवणारा प्लेअर नसेल तर महागडी डिस्क पडद्यावर फक्त नकाराची सूचना दाखवते. ब्लू-रेच्या पुढच्या, अधिक बारकावे दाखवणाऱ्या फोरके डिस्कना ही अडचण नाही, त्यांच्या स्वरूपात विभागच नाहीत. मग अपूचा संच, आणि त्यानंतर कुरोसावाचा 'सेव्हन समुराई', मात्र वेष्टणाच्या मागे २०७ मिनिटे छापलेली असतील तरच, कारण परदेशांत त्याच्या कापलेल्या आवृत्त्याही फिरल्या आहेत. तोवर माझी डिस्क न्यायला हरकत नाही. वहीत नाव लिहून न्यावी, आणि पुस्तिका वेष्टणातच राहू द्यावी.