‘फाइल कर्व्ह करून आण’: माझ्या लास्ट इयरच्या प्रदर्शनाचा अनुभव

जळगावच्या एका कॉलेजातून मी बीएफए अप्लाइड आर्ट केलं, म्हणजे जाहिरात-डिझाइनची चार वर्षांची डिग्री. शेवटच्या वर्षाला दोन गोष्टी सगळ्यांच्याच मानगुटीवर बसतात, एक म्हणजे स्वतःचं ब्रँडिंग, म्हणजे लोगो, कार्ड, पोर्टफोलिओ, इन्स्टा असं सगळं एका सुरात, आणि दुसरं वर्षाच्या शेवटचं प्रदर्शन. ज्युनियर पोरी सारख्या विचारतात ताई तू कसं केलंस, म्हणून एकदाच बसून लिहितेय. लांबलंय, चालवून घ्या.

आमचं गाव यावल तालुक्यात, फैजपूरच्या बाजूला, घरी केळी. चार वर्षं एसटीने अप-डाऊन केलं, भुसावळला गाडी बदलायची, आणि बाकीची पोरं होस्टेलला बसून जेवढं काम करायची त्यातलं अर्धं मी एसटीत मनातल्या मनात करायचे.

ब्रँडिंगचं पहिलं सबमिशन ऑगस्टमध्ये होतं. मी काय केलं तर पिंटरेस्टवर चार रात्री घालवल्या आणि बारीक रेषेचा इंग्रजी ‘एस’ काढला, मागे फिक्कट बदामी रंग, खाली बारीक अक्षरात नाव. मला तर जाम आवडला होता. सरांनी बघितला आणि विचारलं, "छान आहे, कुणाचा आहे?" मी म्हटलं सर माझाच आहे, मीच केलाय, ते नुसते हसले आणि पुढच्या टेबलावर गेले, मला ते काय विचारत होते हे घरी येईपर्यंत कळलं नाही. घरी आजीला दाखवला तर आजी म्हणे, "काय व माय, नाग काढला का? पंचमी त झाली."

तिथेच ठरवलं की नाव मराठीत लिहायचं. माझं नाव शीतल, आणि मराठी टायपोग्राफीतली दोन भांडखोर अक्षरं नेमकी माझ्याच नावात, श आणि ल. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, मोबाइलवर बहुतेक वेळा जो दिसतो तो दांडीचा ल, हिंदीतला, आणि आपण शाळेत पाटीवर गिरवला तो पाकळीचा ल, श चंही तसंच, आपला देठाचा. शासनाने २००९ मध्ये जीआर काढून मराठीसाठी हीच रूपं धरायची असं सांगितलेलंसुद्धा आहे, तरी टाइप केलं की स्क्रीनवर बऱ्याचदा हिंदीच उमटतं. बऱ्याच चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये मराठी रूपं आत असतात, फक्त सॉफ्टवेअरला भाषा मराठी आहे हे सांगावं लागतं नाहीतर ग्लिफ पॅनलमधून, म्हणजे फॉन्टमधली सगळी अक्षररूपं दाखवणाऱ्या खिडकीतून, हाताने उचलावी लागतात. आणि इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये जाऊन इंडिक ऑप्शन्स आधी ऑन करा, माझे त्याच्याशिवाय तीन दिवस गेलेत, ‘डिझाइन’ लिहिलं की पहिली वेलांटी ड च्या उजवीकडे जाऊन बसायची आणि मला वाटायचं लॅपटॉपच बिघडला.

फॉन्टमधला शीतल बरोबर दिसायला लागला खरा पण तो कुणाचाही शीतल होता. मग एक दिवस स्टँडवर गाडीची वाट बघत उभी होते, समोर एका केळी ग्रुपच्या, म्हणजे केळीच्या व्यापाऱ्यांच्या, ऑफिसवर जुनी रंगवलेली पाटी, त्यातला ल बघितला आणि बघतच बसले, दोन्ही पाकळ्या अशा भरलेल्या जशी केळीची फणी. पाटी कुणी रंगवली विचारत विचारत पेंटर काकांपर्यंत पोचले. काका आता साठीच्या पुढे आहेत, फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम जवळपास गेलं, ट्रॉलीवर नाव, शाळेची भिंत, ट्रकचा मागचा भाग एवढंच उरलंय. मी म्हटलं काका शिकवा, ते म्हणे शिकवायचं काय त्यात, बस आणि बघ. सुताला खडूची भुकटी लावून भिंतीवर टणकन सूत मारायचे, वर एक रेघ खाली एक रेघ, बस, पेन्सिल नाही काही नाही, थेट चपट्या ब्रशने अक्षर, आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी एका दमात, श्वास रोखून. दिवाळीच्या सुट्टीत मी सहा दिवस गेले तिथे. वर्तमानपत्राच्या कागदावर ल काढून काढून घरातली रद्दी संपवली. चार वर्षांत जेवढं अक्षर समजलं नव्हतं तेवढं त्या सहा दिवसांत समजलं, हे कॉलेजच्या लोकांनी वाचलं तरी चालेल मला.

त्यातलाच एक ब्रशचा शीतल स्कॅन केला, व्हेक्टर केला म्हणजे कितीही मोठा केला तरी फुटणार नाही असा, कडा मुद्दाम गुळगुळीत केल्या नाहीत. लोगो झाला.

आता रंग. खानदेशातली पोरगी म्हटल्यावर पिवळा-हिरवा सगळ्यांना आधीच दिसत असतो, तो मला नको होता. मी केळफुलाचा रंग घेतला, आमच्याकडे त्याला कमळ म्हणतात, तो वांगी-लालसर. स्क्रीनवर काय सुंदर दिसायचा. प्रिंटिंगला शहरातल्या एका दुकानात गेले, पेनड्राइव्ह लावला तर दादाच्या कॉम्प्युटरवर माझा फॉन्ट नाही, नावाखालच्या ओळीत नुसते चौकोन आणि तुटक्या मात्रा, आणि दादा मान वर न करता म्हणे, "फाइल कर्व्ह करून आण." कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांचं आकारात रूपांतर करून टाकायचं, मग फॉन्ट असो नसो काही फरक पडत नाही, आणि त्यांच्याकडे कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं असतं म्हणून व्हर्जन पण डाऊन करून न्यायचं. हे वाक्य मला चार वर्षांत एकाही लेक्चरला ऐकायला मिळालं नाही. परत भुसावळ, परत फैजपूर, दुसऱ्या दिवशी परत जळगाव. शंभर कार्डं काढली, ३०० जीएसएमच्या जाड मॅट कागदावर, आणि रंग आला चक्क तपकिरी, काळपट. आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत केलं होतं मी, सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या शाईत तो रंग तसा बसतच नाही. दादा म्हणे स्क्रीनवर काय दिसतं ते मला सांगू नको, मशीनवर काय येतं ते बघ. खरं तर आधी त्याच मशीनवर त्याच कागदावर दहा-बारा शेड्सची एक पट्टी छापून घ्यायची असते आणि डोळ्याने रंग निवडायचा असतो, पण हे शहाणपण नंतरचं.

रात्री रडत रडत कार्डं घरी आणली. पप्पांनी एक उचलून लाइटखाली धरलं आणि म्हणाले, "हा तर चिकाचा डाग आहे." आणि होताच. केळीचा चीक कपड्याला लागला की आधी दिसतसुद्धा नाही, मग काळपट तपकिरी पडतो आणि काही केलं तरी जात नाही, पप्पांचा शेतातला एकही शर्ट त्याच्याशिवाय नाही. मी रंग बदलला नाही. ज्युरीत, म्हणजे काम तपासायला बसलेल्या परीक्षकांसमोर, विचारलं हा रंग का, तर मी पप्पांचा शर्टच नेला होता पिशवीत, तो टेबलावर ठेवला. चूक आधी झाली आणि कारण नंतर सापडलं हे मी ज्युरीला सांगितलं नाही, इथे सांगतेय.

इन्स्टाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रोज पोस्ट करा, चेहरा दाखवा असं सगळे सांगतात, मी आठवड्याला एक टाकायचे. आमच्याच चाळीसगावला केकी मूस होऊन गेले, टेबल टॉप फोटोग्राफी करणारे, १९८९ ला वारले, कित्येक दशकं घराबाहेर जवळपास पडलेच नाहीत आणि त्यांचं काम बघायला लोक त्यांच्या घरी अजून येतात. मी काही केकी मूस नाही, पण रील टाकायचा कंटाळा आला की तेवढं एक कारण पुरायचं मला.

प्रदर्शन एप्रिलच्या शेवटी. प्रत्येकाला एक भिंत आणि एक टेबल. बहुतेकांनी सनबोर्डवर, म्हणजे हलक्या फोमच्या पाट्यांवर, छापील व्हिनाइल चिकटवलं, त्याचा खर्च ऐकून मी गप्प. तेवढ्यात लायब्ररीत फैजपूरबद्दल वाचलं. डिसेंबर १९३६ ला काँग्रेसचं अधिवेशन आमच्या फैजपूरला झालं, खेड्यात झालेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू, हे शाळेपासून पाठ होतं, पण त्याची सजावट गांधीजींनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे दिली होती आणि त्यांनी बांबू आणि गावात मिळेल त्या सामानातून उभी केली होती, हे मला बीएफएच्या चौथ्या वर्षी कळावं! घरापासून सायकलवर जाता येईल एवढ्या जागेवर नंदलाल बोस काम करून गेले आणि आम्ही प्रदर्शनाची मांडणी शिकताना बाहेरच्या देशांचे फोटो बघतोय.

मग बांबू घेतला. एक्सपोर्टच्या केळीचे १३ किलोचे खोके येतात, त्यातले छपाई चुकलेले पप्पांनी ओळखीच्या पॅक हाऊसमधून आणून दिले, ते आतून बाहेर उलटून पॅनल केले. सगळा खर्च अकराशे रुपये, त्यात टेम्पो धरून.

पहिल्या दिवशी दुपारी दोनपर्यंत सगळं छान. हॉलमध्ये पंखे, बाहेर ४४ डिग्री, आणि अडीचला धप्प असा आवाज, मग दुसरा, मग रांगच लागली. सगळ्यांचे सनबोर्ड खाली, दुहेरी टेप उन्हाने पातळ होऊन भिंतीवरून घसरत होती. माझं वाचलं असं वाटलं ना? नाही वाचलं. कुणीतरी दया येऊन कूलर आणला तो नेमका माझ्या टेबलाजवळ लावला, त्याच्या ओल्या हवेने माझे सगळे पुठ्ठे पापडासारखे वाकले. मग संध्याकाळपर्यंत मी आणि दोन मैत्रिणी केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोऱ्या वळत बसलो आणि पुठ्ठे बांबूला चारी कोपऱ्यांनी ताणून बांधले, दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी पण दोऱ्या मागून नेल्या. जळगावात उन्हाळ्यात काही चिकटवू नका, बांधा.

शेवटच्या दिवशी घरचे आले, आजी पण, आणि पप्पांनी गाडीत पेंटर काकांना पण आणलं. आजीने भिंतीसमोर उभं राहून बोटाने शी-त-ल वाचलं, मोठ्याने, हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. काका काही बोलले नाहीत बराच वेळ. कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, मग म्हणाले, "ल चं पोट सुटलंय. डावीकडचं कमी कर थोडं."

मी म्हटलं काका शंभर छापून झाली. ते म्हणे, "मग वाटून टाक ती."

वाटली. मे महिन्यात दुसरी शंभर काढली, डावं पोट कमी करून. या वेळी फाइल घरूनच कर्व्ह करून नेली होती, दादाने मान वर केली आणि फक्त "आणली?" म्हणाला.